डोंगर, दरड आणि अप्रमाद



स्मरणिकेत आपण सहसा धम्म, शिक्षण आणि चळवळ या विषयांवरचे लेख वाचतो. या अंकासाठी आम्ही 'डोंगराचे रक्षण आणि आपत्तीची पूर्वतयारी यांचे स्थानिक युवकांना प्रशिक्षण' हा विषय घेतला आहे. हा विषय सरकारी खात्याचा आहे, त्याचा धम्माशी काय संबंध, असे काहींना वाटेल. तो संबंध फार जवळचा आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

महाड हे नाव उच्चारताच आपल्यासमोर चवदार तळे उभे राहते. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील पाणी ओंजळीत घेतले आणि माणुसकीच्या हक्काचा लढा सुरू झाला. दरवर्षी हजारो अनुयायी त्या भूमीला वंदन करण्यासाठी जातात. याच महाड तालुक्यात जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून जवळजवळ २०० माणसे मृत्युमुखी पडली. १६ वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, त्याच तालुक्यातील तळीये येथे दरडीखाली ८० हून अधिक जीव गेले.

हे दुःख एका तालुक्यापुरते नाही. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाडले गेले. तेथे १५१ माणसे मरण पावली. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसांचा पत्ता लागला नाही आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवावे लागले. चारही घटना सह्याद्रीतल्या आणि चारही जुलै महिन्यातल्या. ज्या संकटाचा प्रदेश आणि महिना आपल्याला माहीत आहे, त्याला केवळ 'निसर्गाचा कोप' म्हणून हात जोडून बसणे बुद्धाच्या अनुयायांना शोभत नाही.

दरड कारणांवाचून कोसळत नाही

प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत आपण सर्वांनी ऐकलेला आहे. कारण असले की कार्य घडते, आणि कारण दूर केले की कार्य थांबते. हाच नियम डोंगराला लावून पाहू.

सह्याद्रीचा गाभा काळ्या कातळाचा आहे. ऊन, पाऊस आणि काळ यांच्यामुळे कातळाचा वरचा भाग कुजून त्याचा मुरूम आणि माती होते. कोकणात अनेक ठिकाणी त्यावर जांभा असतो. म्हणजे घट्ट कातळाच्या उतरत्या पाठीवर सैल मातीचे जाड पांघरूण घातलेले असते. उन्हाळ्यात ते घट्ट धरून असते. पावसात पाणी मातीतून मुरत कातळापर्यंत पोहोचते आणि तेथे अडते. माती जड होते, तिच्या कणांमधला दाब वाढतो आणि त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. मग ते पांघरूण झाडे, दगड आणि घरे यांच्यासह खाली घसरते.

उतार आणि पाऊस ही कारणे माणसाच्या हातात नाहीत. परंतु उताराचा पायथा रस्त्यासाठी किंवा घरासाठी उभा कापणे, उतारावर यंत्राने जमीन सपाट करणे, पाण्याच्या जुन्या वाटा बुजविणे, झाडी तोडणे आणि वणवे लावणे ही कारणे माणसाच्या हातातली आहेत. सर्व कारणे एकत्र आली तरच दुर्घटना घडते. त्यातली एक-दोन जरी दूर झाली, तरी एखादे गाव वाचू शकते.

चार विश्वासू माणसे

संयुत्त निकायात 'पब्बतूपम सुत्त' नावाचे एक सुत्त आहे. त्याचा आशय असा. कोसल देशाचा राजा प्रसेनजित राज्यकारभाराच्या गडबडीतून भगवान बुद्धांकडे येतो. भगवान त्याला विचारतात : राजा, पूर्वेकडून एक विश्वासू माणूस आला आणि त्याने सांगितले की, आकाशाला भिडणारा एक पर्वत सर्व प्राण्यांना चिरडत इकडे येत आहे. पश्चिमेकडून, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडूनही तसेच विश्वासू माणूस आले आणि त्यांनीही तेच सांगितले. अशा वेळी तू काय करशील? राजा उत्तर देतो की, धम्माने वागणे आणि पुण्यकर्म करणे याशिवाय दुसरे काय करता येईल?

या दृष्टांतातला पर्वत म्हणजे जरा आणि मरण होय. तो खरोखरीचा डोंगर नाही, हे आम्ही स्पष्ट करू इच्छितो. मात्र बातमी आणणारा माणूस विश्वासू होता, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते आणि तो वेळेवर येऊन सांगत होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांना आज असाच विश्वासू माणूस हवा आहे. डोंगरावर पडलेली भेग पाहणारा, तिचा अर्थ जाणणारा आणि ज्याच्या शब्दावर रात्री दोन वाजता सर्व घरे रिकामी होतील असा माणूस. असा माणूस तयार करणे म्हणजेच प्रशिक्षण.

तथागतांनी आपल्या अखेरच्या उपदेशात अप्रमादावर, म्हणजे सावधपणे झटण्यावर, भर दिला. अप्रमाद म्हणजे भीती नव्हे. पाऊस पडला म्हणून घाबरणे वेगळे आणि तो किती पडला हे मोजून ठेवणे वेगळे. दुसऱ्याला अप्रमाद म्हणावे.

पहिला तास शेजाऱ्याचा असतो

माळीण गाव नाहीसे झाल्याची बातमी बाहेर नेली ती एस. टी. च्या एका चालकाने. नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन गेल्यावर गाव दिसेना, तेव्हा जगाला कळले. तळीयेची दरड कोसळली तेव्हा महाड शहर पुराच्या पाण्यात होते, रस्ते बंद होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान दुसऱ्या दिवशी पोहोचू शकले. इर्शाळवाडीला गाडीरस्ताच नव्हता. अंधारात, पावसात, निसरड्या पायवाटेने डोंगर चढावा लागला. मदतीला निघालेले अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढताना हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावले. यंत्रे वर नेता आली नाहीत. कुदळ, फावडे आणि हात यांनीच माती उपसावी लागली. खोपोलीचे यशवंती हायकर्स, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र अशा गिर्यारोहक संस्थांचे युवक तेथे उपयोगी पडले, कारण त्यांना डोंगराची सवय होती आणि दोर हाताळण्याचे शिक्षण होते.

यात जवानांचा दोष नाही. अंतर आणि पाऊस यांच्यापुढे त्यांचाही इलाज चालत नाही. म्हणून पहिल्या तासात जे कोणी मदत करील, ते शेजारच्या वाडीतलेच असणार.

दुसरी एक गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे दुर्घटनेनंतर शासनानेच विधिमंडळात सांगितले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दरडींचे नकाशे तयार केलेले आहेत आणि ते उपयुक्तही आहेत. परंतु आपले गाव यादीत नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही. यादी दूरवर बसून तयार होते आणि भेग गावात पडते.

प्रशिक्षणात काय शिकवावे

केंद्र शासनाची 'आपदा मित्र' योजना २०१६ साली सुरू झाली. पुढे ती ३५० जिल्ह्यांत वाढविण्यात आली आणि एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या योजनेतील प्रशिक्षण १२ दिवसांचे होते. आपल्या तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन याची चौकशी करावी. परंतु प्रत्येकाला तेथे संधी मिळेलच असे नाही. म्हणून बुद्धविहारात रविवारच्या वर्गांतून शिकविता येईल असा अभ्यासक्रम आम्ही येथे मांडतो.

१) पाऊस मोजणे. तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीची काचेची बरणी आणि एक मोजपट्टी एवढे पुरे. बरणी उघड्यावर, झाड आणि वळचण यांपासून दूर ठेवावी. रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची उंची वहीत लिहून बरणी रिकामी करावी. एक सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. हवामान खात्याच्या हिशेबाने २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या पुढे सर्वांत वरची पायरी. एका दिवसाच्या आकड्याइतकीच मागच्या तीन-चार दिवसांची बेरीजही महत्त्वाची असते. माती आधीच भिजलेली असेल, तर थोडा पाऊसही घात करतो.

२) खुणा ओळखणे. जमिनीला नवी भेग पडणे किंवा जुनी रुंदावणे. झाड, विजेचा खांब किंवा कुंपण कलणे. घराच्या भिंतीला तडा जाणे, दार अचानक चौकटीत अडकू लागणे. झऱ्याचे पाणी गढूळ होणे, नवा झरा फुटणे. भर पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी कमी होणे, म्हणजे वर कुठेतरी अडथळा झाला आहे. डोंगरातून घरघर किंवा झाडे मोडल्याचा आवाज येणे. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी ठरलेल्या दोघांनी फेरी मारावी. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजले, की भेग वाढते आहे की नाही हे वादाचा विषय राहत नाही.

३) घरांची वही. कोणत्या घरात किती माणसे, कोण अंथरुणाला खिळलेले, कोण गरोदर, कोण मुंबईला, कोण आश्रमशाळेत. दुर्घटनेनंतर 'आत किती जण होते' याचे उत्तर मिळायला फार वेळ जातो. वहीची एक प्रत दुसऱ्या वाडीत ठेवावी.

४) बाहेर पडण्याची वाट आणि जागा. ओढ्याच्या काठाने किंवा घसरत्या उताराच्या पोटातून पळू नये. दरडीच्या वाटेतून आडवे, बाजूला निघावे. कोठे जमायचे ते आधी ठरवावे आणि मे महिन्यात एकदा रात्री सराव करावा. इशारा कसा द्यायचा तेही ठरवावे, कारण वादळी पावसात मोबाईल चालेलच असे नाही. थाळी, शिट्टी, विहारातील घंटा यांपैकी एक खूण सर्वांना ठाऊक असावी.

५) प्रथमोपचार. रक्तस्राव दाबून थांबविणे, हाड मोडलेल्या अवयवाला आधार देणे, दोन बांबू आणि चादर यांची डोली करणे. पाठीला किंवा मानेला मार लागलेल्या माणसाला ओढू नये, धोका अंगावर आलेला असेल तरच हलवावे. १०८, ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक पाठ असावेत.

६) केव्हा जाऊ नये. हा धडा सर्वांत कठीण आहे. एक दरड कोसळल्यावर मागून दुसरी येऊ शकते. सर्वांनी एकदम ढिगाऱ्यावर चढू नये. एकाने वरच्या उताराकडे सतत लक्ष ठेवावे. मधूनमधून सर्वांनी शांत होऊन आतून आवाज येतो का ते ऐकावे. उत्साह असलेला पण न शिकलेला तरुण हा दुसरा अपघात ठरू शकतो.

या वर्गात मुलींची आणि गृहिणींची संख्या निम्मी असावी, असा आमचा आग्रह आहे. कोकणातील अनेक वाड्यांतले तरुण नोकरीसाठी मुंबई-पुण्याला असतात. जुलै महिन्यात वाडीत माणसे असतात ती स्त्रिया, मुले आणि वृद्ध. जी घरी आहे तिलाच शिकविले नाही, तर प्रशिक्षण कागदावर राहील.

डोंगर राखणे

आपत्ती आल्यावरची धावपळ हा अर्धा धडा. उरलेला अर्धा वर्षभराचा आहे.

वर्षावासाची प्रथा आपण पाळतो. पावसाळ्यात चालताना भिक्खूंच्या पायांखाली हिरवे गवत आणि लहान जीव चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार झाली, तेव्हा भगवंतांनी हा नियम घालून दिला, असे विनयपिटकात आले आहे. सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखांत विनाकारण वने जाळू नयेत अशी आज्ञा दिली आहे. सह्याद्रीतील लेणी कोरणाऱ्यांनी पाण्याची वाट किती काळजीने राखली, हे कान्हेरीला आजही दिसते. माथ्यावरचे पाणी कोरीव पन्हळींतून टाक्यांत उतरते. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे आणि ती दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांतही अशी टाकी आहेत. डोंगराच्या पोटात राहायचे तर पाण्याला त्याची वाट द्यावी लागते, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते.

आपल्या युवकांनी हेच करावयाचे आहे. मे महिन्यात वाडीच्या वरच्या बाजूची गटारे आणि ओढ्यांची तोंडे मोकळी करावीत. उताराच्या माथ्यावर पाणी साचू देऊ नये. फेब्रुवारीपासून वणव्याचा धोका असतो. तत्पूर्वी गवत कापून जाळरेषा काढाव्यात. कारवी, बांबू, ऐन, किंजळ, जांभूळ अशी येथलीच झाडे-झुडपे राखावीत. सात वर्षांनी फुलणारी कारवी सरपण म्हणून तोडली जाते, पण तिच्या मुळांनी उतारावरची माती धरलेली असते. उभ्या उतारावर चर खणण्याचे काम मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये, कारण सैल मातीत जास्त पाणी मुरविणे घातक ठरू शकते.

येथे एक सावधगिरी हवी. भाताच्या राबासाठी फांद्या तोडून जाळणारा शेतकरी हा डोंगराचा शत्रू नाही. त्याला खताचा दुसरा मार्ग दाखवावा. पायथा कापून बंगल्यांसाठी जागा करणाऱ्यांना कोणी बोलत नाही आणि मोळी आणणाऱ्या बाईला मात्र उपदेश, असे आपल्या हातून होऊ नये.

कागदपत्रे आणि विमा

आम्ही बँकेत काम करीत असल्यामुळे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. घर गेल्यावर कागदही जातात आणि मदत मिळविताना कागदच मागितले जातात. आधार, शिधापत्रिका, सात-बारा आणि पासबुक यांच्या प्रती गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवाव्यात. प्रत्येक खात्याला वारसाचे नामनिर्देशन करून घ्यावे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला अवघा २० रुपये आहे. १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख रुपये मिळतात आणि नैसर्गिक आपत्तीतला मृत्यूही त्यात धरला जातो. मुदत १ जून ते ३१ मे अशी असते. म्हणून मे अखेर खात्यात हप्त्यापुरती शिल्लक आहे ना, हे प्रशिक्षित युवकांनी घरोघर विचारावे.

काही आक्षेप

'हे शासनाचे काम आहे,' असा आक्षेप घेतला जातो. तो बरोबरच आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण नेमले आहे. प्रशिक्षणामुळे ही जबाबदारी संपत नाही. उलट, ज्याच्या वहीत चार वर्षांचा पाऊस आणि भेगेचे माप आहे, तो तरुण ग्रामसभेत पुनर्वसनाची मागणी पुराव्यानिशी करू शकतो. बाबासाहेबांचा आदर्श हाच आहे. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी पुराकडे दैव म्हणून पाहिले नाही. सबंध नदीखोऱ्याच्या नियोजनाचा आग्रह धरला आणि त्यातूनच पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले.

दुसरा आक्षेप असा की, आपल्या मुलांना आधी नोकऱ्या हव्यात. त्या हव्यातच. पण उतारावर, ओढ्याकाठी, गावाच्या कडेला कोणाच्या वस्त्या आहेत ते पाहा. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, धनगर आणि अनेक गावांत आपली बौद्धवाडी. ही जागा आपल्या पूर्वजांनी आवडीने निवडलेली नव्हती. ज्यांना गावात जागा नाकारली गेली, त्यांच्याच माथ्यावर आज डोंगर आहे. म्हणून हा प्रश्न समतेचाही आहे. आसरा घेण्याची जागा ठरविताना ती सर्व जातींच्या माणसांना सारखी खुली असेल, हे आधी लिहून घ्यावे. चवदार तळ्याचा धडा संकटकाळी विसरून चालणार नाही.

संस्थेच्या सभासदांना आमची विनंती एवढीच आहे. येत्या वर्षी एक वाडी निवडावी, तेथील वीस मुले-मुली घ्याव्यात आणि फेब्रुवारी ते मे या काळात हा वर्ग चालवावा. समता सैनिक दलाच्या शिस्तीची परंपरा आपल्याकडे आहे, विहार आहे, शिक्षक आणि परिचारिका आहेत. खर्च आहे तो दोर, शिट्ट्या, बरण्या आणि वह्या यांचा.

विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे आपापल्या गावात जाऊन शोधावीत.

१) आपल्या वाडीच्या वर किती उंचीपर्यंत माती आहे आणि कातळ कोठे दिसतो?
२) गेल्या दहा वर्षांत उताराचा पायथा कोठे कापला गेला आणि कोणी कापला?
३) पावसाचे पाणी पूर्वी कोणत्या वाटेने जात होते आणि आता कोणत्या वाटेने जाते?
४) आज रात्री वाडी सोडावी लागली, तर कोणाला उचलून न्यावे लागेल आणि ते कोण नेईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहावे.

जयभीम!